खोक्यातले करारमदार : डेस्कटॉप अपग्रेडच्या त्रासाचा इतिहास

आजचा विषय तसा घरगुती आहे. टेबलाखालचा डेस्कटॉप संगणक, ज्याच्या खोक्याला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात, त्यात एखादा नवा भाग बसवायचा. रॅम वाढवायची, हार्ड डिस्क बदलायची, ग्राफिक्स कार्ड घालायचे. सांगताना दहा मिनिटांचे काम. प्रत्यक्षात अख्खा रविवार जातो, आणि संध्याकाळी 'डिस्प्ले येत नाही' असं म्हणत आपण कोणालातरी फोन लावतो.

अशा वेळी आपण स्वतःला, दुकानदाराला नाहीतर कंपनीला दोष देतो. या त्रासाचा इतिहास पाहिला तर दोष जरा वेगळ्या ठिकाणी सापडतो. त्या खोक्यात अनेक कंपन्यांचे भाग एकत्र नांदत असतात. कोणीतरी, कधीतरी काही करार करून ठेवले म्हणून ते नांदतात. स्लॉटची लांबी किती, कोणत्या पिनेवर किती व्होल्ट, डिस्कला पत्ता कसा सांगायचा, हे सगळे करारच. पण ते एका सालचे नाहीत. नवा भाग बसवताना आपण १९८१ चा करार आणि आजचा करार एकमेकांशी जुळवत असतो, आणि ते जुळले नाहीत तर भुर्दंड पडतो तो खोका उघडणाऱ्याला.

हा भुर्दंड कमी करायचे दोन मार्ग गेल्या चाळीस वर्षांत वापरले गेले. एक, करार सुधारणे. दुसरा, खोका उघडताच येणार नाही अशी सोय करणे. त्रास दोन्हींनी कमी होतो, म्हणून ते सारखेच वाटतात. ते सारखे नाहीत, एवढंच आज आपल्याला बघायचं आहे.

उघडा खोका

सुरुवात १२ ऑगस्ट १९८१ ला होते. त्या दिवशी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रटॉन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या तुकडीने तो बनवला होता. घाई इतकी होती की आयबीएमच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सगळं घरात बनवायला वेळच नव्हता. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि आत पाच रिकामे स्लॉट. आयबीएमने तांत्रिक माहितीचं पुस्तकच विकायला ठेवलं. त्यात सर्किटचे नकाशे होते, बायोसचा प्रोग्रॅमसुद्धा छापलेला होता. म्हणजे कोणीही यावं, कार्ड बनवावं आणि विकावं.

आता मूळ यंत्र बघा. रॅम १६ केबी. पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा. फ्लॉपीवर चालणाऱ्या यंत्राला तेवढा पुरत होता. पण लोकांना लवकरच हार्ड डिस्क हवी झाली. स्लॉट रिकामा होता, कार्ड बाजारात होतं, डिस्कही होती. वीज मात्र पुरेना. डिस्क घ्यायची तर पॉवर सप्लायही बदला! मार्च १९८३ मध्ये आयबीएमनेच १० एमबी हार्ड डिस्क घातलेला एक्सटी आणला, तेव्हा त्यात १३० वॅटचा पुरवठा आणि आठ स्लॉट दिले. एक भाग बदलायला जावं आणि त्याच्यामागून दुसरा, तिसरा बदलावा लागावा, ही साखळी अशी पहिल्या दोन वर्षांतच सुरू झाली.

त्याच सुमारास दुसरा मार्गही दिसतो. जानेवारी १९८४ मध्ये अॅपलने मॅकिंटॉश आणला. त्याची १२८ केबी मेमरी बोर्डावर डाखलेली होती, विस्तारासाठी स्लॉट नव्हते आणि खोका उघडायला साध्या पेचकसाऐवजी लांब दांड्याचा तारेच्या आकाराचा पेचकस लागे. अपग्रेडचा त्रास शून्य, कारण अपग्रेडच शून्य. दोन्ही वाटा अशा तीन वर्षांच्या आत आखल्या गेल्या.

जंपर आणि पंधरा घंटा

उघड्या खोक्याची खरी परीक्षा झाली ती कार्डांची गर्दी वाढल्यावर. प्रोसेसर आपलं काम करत असतो. कीबोर्डची कळ दाबली गेली, डिस्कने माहिती आणली, की त्या त्या भागाला त्याला हाक मारावी लागते. या हाकेसाठी ठरावीक तारा असतात, त्यांना आयआरक्यू म्हणतात. मोठ्या वाड्यात प्रत्येक खोलीतून नोकराला बोलवायची वेगळी घंटा असावी, तसं समजा. पहिल्या पीसीत अशा आठ घंटा होत्या. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये त्या सोळा झाल्या, पण एक घंटा दोन चिपा जोडण्यातच खर्च झाली, म्हणून वापरायला उरल्या पंधरा. त्यातली ० नंबरची घड्याळाची, १ कीबोर्डची, ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटरची. उरलेल्या वाटून घ्यायच्या.

वाटून कोणी घ्यायच्या? वापरणाऱ्याने! कार्डावर छोट्या पिनांच्या जोड्या असायच्या आणि त्यांवर बसवायची मुगाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी, तिला जंपर म्हणतात. कोणत्या जोडीवर टोपी घातली त्यावरून घंटेचा नंबर ठरे. एकाच घंटेला दोन कार्डं बांधली गेली तर काय होईल हे कोणी सांगू शकत नसे. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टर कार्डाचा नंबर कारखान्यातून ७ ठेवून यायचा, आणि ७ तर प्रिंटरचा. माउस पहिल्या सीरियल पोर्टवर आणि मोडेम तिसऱ्यावर लावला तर वरून दोन पोर्ट वेगळे दिसत, पण दोघांची घंटा एकच, ४ नंबरची. मोडेमने नंबर फिरवायला घेतला की माउस जागच्या जागी गोठायचा. माणूस माउस बदलायचा, मोडेम परत करायचा. दोन्ही भाग ठणठणीत असायचे.

या गोष्टीत वाईट कोणीच नाही, हे लक्षात घ्या. साउंड कार्ड बनवणाऱ्याने काही चुकीचं केलं नव्हतं, मोडेमवाल्यानेही नाही. दोघांमध्ये कोणी मध्यस्थ नव्हता. ते काम खोका उघडणाऱ्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि त्याला तसं कोणी सांगितलंही नव्हतं.

आयबीएमचा इलाज, आणि तो का फसला

हा रोग आयबीएमने बरोबर ओळखला होता. एप्रिल १९८७ मध्ये त्यांनी पीएस/२ ही नवी मालिका आणली आणि तिच्यात मायक्रो चॅनल नावाचे नवे स्लॉट दिले. कार्डावर जंपर नाहीत. सोबतची फ्लॉपी घालायची, कोणाला कोणती घंटा द्यायची ते तो प्रोग्रॅम ठरवणार. तंत्र म्हणून ही मोठी सुधारणा होती.

पण जुनी कार्डं नव्या स्लॉटमध्ये बसत नव्हती, आणि तसा संगणक बनवायचा तर इतर कंपन्यांना आयबीएमकडून परवाना घेऊन पैसे मोजावे लागणार होते. १९८१ मध्ये जे दार उघडं टाकलं होतं, ते आता किल्ली लावून परत विकायला काढलं होतं. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या. त्यांनी आयसा नावाचा आपला पर्याय जाहीर केला, त्याच्या स्लॉटमध्ये जुनी कार्डंही चालत. तोही फारसा घरोघरी पोचला नाही, पण मायक्रो चॅनल तर मागेच पडला. गिऱ्हाइकाने जंपरचा त्रास पत्करला आणि उघडा बाजार ठेवला. या इतिहासातला हा पहिला कौल म्हणायला हरकत नाही.

५२८ एमबीची भिंत

दुसरं उदाहरण हार्ड डिस्कचं. इथे थोडं गणित करू, कारण करार न जुळणं म्हणजे काय ते इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

डिस्कवरची जागा सांगायला तीन आकडे लागत: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. इमारत, मजला आणि खोली म्हणा. हा पत्ता दोन ठिकाणी लिहावा लागे. एक बायोसच्या अर्जावर, दुसरा डिस्कच्या अर्जावर. बायोसच्या अर्जात १०२४ इमारती, २५६ मजले आणि ६३ खोल्या लिहिण्यापुरती जागा. नुसता हा अर्ज धरला तर ८.४ जीबीची डिस्क चालली असती. डिस्कच्या अर्जात ६५,५३६ इमारती, १६ मजले, २५५ खोल्या. नुसता हा धरला तर जवळजवळ १३७ जीबी. दोन्ही अर्ज आपापल्या जागी ऐसपैस होते.

पण पत्ता दोन्ही अर्जांवर सारखाच लिहायचा, म्हणजे प्रत्येक रकान्यात जो आकडा लहान तोच धरायचा. इमारती १०२४, मजले १६, खोल्या ६३, आणि प्रत्येक खोलीत ५१२ बाइट. गुणाकार करा: ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट. झाली ५२८ एमबी! दोन मोठ्या करारांतून एक छोटी भिंत उभी राहिली. १९९४ च्या सुमारास कोणी हौसेने ८५० एमबीची डिस्क आणून जुन्या बोर्डाला लावली, तर ३०० एमबीहून जास्त जागा समोर असून दिसायचीच नाही.

ही भिंत ओलांडली की पुढे ८.४ जीबीची आली. तिच्यापुढे १३७ जीबीची, कारण पत्त्याला २८ बिट. तिच्यापुढे २.२ टीबीची, कारण पार्टिशनच्या तक्त्यात ३२ बिट. प्रत्येक पिढीला वाटलं, एवढी जागा कोण भरणार? आणि प्रत्येक वेळी 'डिस्क अर्धीच का दिसते' म्हणून रात्री जागणारा माणूस या हिशोबाच्या खोलीतही नव्हता.

भुर्दंड कोणी भरला

मग हा त्रास निभावला कोणी? अमेरिकेत हौशी लोकांनी, मासिकांनी, ऑफिसातल्या तंत्रज्ञांनी. आपल्याकडे तो मुख्यतः निभावला असेंबलरने. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण आणलं आणि आयातीची वाट सैल झाली. पुढे १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात आला आणि २००५ पर्यंत संगणक व त्याच्या भागांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर गेलं. बाजारात सुटे भाग येऊ लागले. ब्रँडेड संगणक महाग, म्हणून मध्यमवर्गीय घरात आला तो असेंबल केलेला.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे त्याचं मोठं ठिकाण. तिथे बोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्या, कॅबिनेट आणि एसएमपीएस तिसऱ्या. कोणता बोर्ड कोणत्या रॅमशी जमवून घेतो, हे ज्ञान छापील पुस्तकात नव्हतं, काउंटरमागच्या माणसाच्या डोक्यात होतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवेने रॅमचे सोनेरी दात काळवंडतात, तर ती काढून शाळेच्या खोडरबराने घासून परत बसवायची, हा उपाय आपल्याकडे किती जणांनी केला असेल! हसू नका, तो बऱ्याचदा लागू पडतो.

पण या व्यवस्थेत एक भोक होतं. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, आणि भाग एकत्र नांदतील याची वॉरंटी कोणाचीच नाही. बोर्डवाला म्हणणार रॅम बघा, रॅमवाला म्हणणार एसएमपीएस बघा. ज्याच्याकडे ओळखीचा, खरा असेंबलर होता त्याचं निभावलं. ज्याच्याकडे नव्हता तो या दारातून त्या दारात फिरला. सामूहिक कराराची उणीव व्यक्तिगत ओळखीने भरून काढायची, ही आपल्याला इतर क्षेत्रांतही ओळखीचीच पद्धत आहे.

करार सुधारले

आता करार सुधारल्याची बाजू बघू, कारण ती खरी आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणला. यात कार्ड स्वतःच सांगतं की मी कोण आणि मला काय हवं. एक घंटा दोघांना वाटून घेता येते. १९९५ मध्ये एटीएक्स नावाची बोर्ड आणि पॉवरची नवी मापं आली. त्याआधी बोर्डाला वीज देणारे दोन वेगळे कनेक्टर असत आणि ते उलटसुलट बसू शकत. काळ्या तारा मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत, हा मंत्र प्रत्येक तंत्रज्ञाला पाठ असायचा. मंत्र चुकला तर बोर्ड जळायचा. एटीएक्सने एकच कनेक्टर दिला, जो उलटा बसतच नाही. हजार इशाऱ्यांपेक्षा एक खाच बरी!

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आले, 'प्लग अँड प्ले' हा शब्द घेऊन. लोकांनी लगेच त्याचं 'प्लग अँड प्रे' केलं, म्हणजे लावा आणि देवाचा धावा करा. जुनी जंपरवाली कार्डं आणि नवी शहाणी कार्डं एकाच खोक्यात होती, त्यामुळे भांडणं चालूच राहिली. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू असताना सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भर सभेत निळा पडदा आला. म्हणूनच हे अजून विक्रीला काढलेलं नाही, असं म्हणून गेट्स यांनी वेळ मारून नेली. घरी मात्र लोकांकडे असा विनोद करायला प्रेक्षक नव्हते.

तरी दहा-बारा वर्षांत फरक पडला. २००३ मध्ये साटा आला आणि एका केबलवर दोन डिस्क लावून मास्टर-स्लेव्हचे जंपर जुळवणं संपलं. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये जुनं कार्ड नव्या स्लॉटमध्ये आणि नवं जुन्यात साधारणपणे चालतं. दार उघडं ठेवूनही त्रास कमी करता येतो, याचा हा पुरावा आहे.

बसतं, पण चालत नाही

सॉकेटची कथा मात्र उलट्या दिशेची आहे. नव्वदच्या दशकात सॉकेट ७ मध्ये इंटेल, एएमडी आणि सायरिक्स तिघांचे प्रोसेसर बसत. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी स्वतःचा वेगळा स्लॉट काढला आणि वाटा फुटल्या. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ सॉकेट ४२३ वर आला आणि वर्ष व्हायच्या आत सॉकेट ४७८ आला. पहिल्या वर्षी उत्साहाने बोर्ड घेणाऱ्यांची पुढची वाट जवळजवळ बंदच झाली.

२०१७ मध्ये तर नवीनच प्रकार. इंटेलच्या आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच ११५१ सॉकेटात बसत होते, पण आदल्या दोन पिढ्यांच्या बोर्डांवर चालत नव्हते. जास्त कोअरसाठी विजेचा पुरवठा बदलावा लागला, असं कंपनीचं म्हणणं. काही हौशी मंडळींनी बायोसमध्ये फेरफार करून ते जुन्या बोर्डांवर चालवूनही दाखवले. १९८३ मध्ये भाग न चालण्याचं कारण समोर होतं, वीज पुरत नव्हती. इथे अडचण भागात किती आणि धोरणात किती, हे ग्राहकाला कळायची सोय नव्हती.

एएमडीचं उदाहरण जास्त बोलकं आहे. त्यांचं एएम४ सॉकेट बरीच वर्षं टिकलं. मे २०२० मध्ये त्यांनी सांगितलं की पुढच्या पिढीचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. कारण खरं होतं. अनेक बोर्डांवरची बायोसची चिप १६ एमबीची, तीत सगळ्या प्रोसेसरांची माहिती मावत नव्हती. पण ग्राहकांनी एवढा गलका केला की त्याच महिन्यात निर्णय फिरला. जुन्या प्रोसेसरांची माहिती काढून नव्यांना जागा करायची, अशी तोड निघाली. ज्याला भुर्दंड पडतो तो बोलू शकला, तर करार बदलतो.

आणि आता अगदी अलीकडचं. विंडोज ११ ने ऑक्टोबर २०२१ मध्ये टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपुढचाच प्रोसेसर अशी अट घातली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. खोक्यातला एकही भाग बिघडलेला नाही, तरी संगणक जुना ठरला.

दोन वाटा, पुन्हा

आज मेमरी पुन्हा बोर्डावर डाखली जाते आहे, आणि दर वेळी त्यामागे लबाडीच असते असं म्हणता येत नाही. २०२५ मध्ये फ्रेमवर्क या कंपनीने डेस्कटॉप जाहीर केला. दुरुस्त करता येणारे लॅपटॉप हीच जिची ओळख, तिनेही त्यात मेमरी डाखलेली दिली. त्या प्रोसेसरला लागणाऱ्या वेगात सुट्या रॅमच्या सॉकेटमधून संदेश नीट पोचत नाहीत, हे कारण. ही भौतिकशास्त्राची अडचण आहे. पण तिच्यावर दुसरं उत्तरही शोधलं जातं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने कॅम२ नावाचं मेमरीचं नवं माप प्रसिद्ध केलं, चपटं आणि स्क्रूने बसणारं, वेगवान तरीही काढता येणारं. म्हणजे दोन्ही वाटा अजून चालू आहेत.

बरेच जण विचारतात, मग आता आपण करायचं काय? इतिहासातून निघणारं उत्तर साधं आहे. भाग घेण्याआधी चार करार तपासा: सॉकेट आणि बायोस कोणत्या प्रोसेसरांना ओळखतात, रॅम कोणत्या पिढीची, एसएमपीएस किती वॅटचा, आणि ऑपरेटिंग सिस्टिमची अट काय. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना पिना २८८, पण खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका, ती खाच आपल्या भल्यासाठीच आहे.

आणि नवा संगणक घेताना पाचवा प्रश्न विचारा: यातलं काय काढता येतं? तो प्रश्न दुकानात रोज शंभर जणांनी विचारला तर पुढचा करार लिहिणाऱ्यांपर्यंत तो पोचेल. कोणी विचारलाच नाही, तर खोका गुपचूप बंद होईल, आणि आपण म्हणू, वा, आता काही त्रासच नाही.

आज इथेच थांबू.